वानगी आणि विक्री

फुकट तें पौष्टिक, अशी म्हण आहे. परंतु फुकट देणाऱ्यास तें कितपत पौष्टिक ठरतें, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाहीं. धाराशिव किंवा कळंब येथील अडतीवर शेतकरी ज्वारीची मूठभर वानगी दाखवितो, तो कांहीं दानधर्म नव्हे. ज्वारी लोकांस हवी असते हें ठरलेलेंच आहे. वानगी केवळ तिचा कस सांगते. परंतु ज्या वस्तूची कोणास गरजच भासत नाहीं, ती फुकट वांटून तिची गरज उत्पन्न करतां येईल काय? या प्रश्नाचें उत्तर, आमच्या मतें, चहाच्या इतिहासांत सांपडतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थान चहा पिकवीत होता, पण तो पीत होतें मुख्यत्वें इंग्लंड. मळेवाल्यांच्याच मागणीवरून १९०३ सालीं कायदा झाला, निर्यातीच्या प्रत्येक रत्तलावर पाव पै कर बसला, आणि त्या पैशांतून चहाच्या प्रसारासाठीं एक समिति काम करूं लागली. १९२९ नंतरच्या मंदींत परदेशचे भाव कोसळले, तेव्हां समितीची दृष्टि येथील जनतेकडे विशेष वळली. तिचे प्रचारक जत्रांतून, बाजारांतून व घरोघर चहा करून दाखवीत आणि प्याले फुकट पाजीत. चहा कसा करावा हें सांगणाऱ्या पाट्या स्टेशनांवर देशी भाषांत लागल्या. १९३७ सालीं या समितीस ‘इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड’ हें नांव मिळालें.

एवढ्यानें कार्य साधलें काय? आम्ही म्हणूं, अर्धेंच. फुकटच्या प्याल्यानें ओळख झाली; परंतु ओळख म्हणजे गिऱ्हाइकी नव्हे. ती जडण्यास आणखी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली स्वस्ताईची. प्रथम एका पैशाची पुडी निघाली; पुढें स्वातंत्र्योत्तर काळांत सी. टी. सी. यंत्रावरील दाणेदार चहा पसरला, थोड्या पुडींत कडक चहा होऊं लागला, आणि तो गरिबाच्या आवांक्यांत आला. दुसरी गोष्ट अशी कीं, लोकांनीं चहा आपल्या रीतीनें केला. चहापूड कमी, दूधसाखर भरपूर, वर आलें किंवा वेलदोडा, हा प्रकार प्रचारकांस मुळींच रुचत नसे. तथापि चहा घरचा झाला तो याच रूपानें.

आज देशांत पिकणाऱ्या चहापैकीं सुमारें ८० टक्के देशांतच खपतो. धाराशिवकडे कोणाच्याही घरीं जावें, पाहुण्यापुढें चहा येतोच. न आल्यास उणेपणा वाटतो. जो प्याला एकेकाळीं मळेवाल्यांनीं फुकट पाजला, तो आज प्रत्येक यजमान स्वखर्चानें फुकट पाजीत आहे. याहून सफल झालेली वानगी आमच्या पाहण्यांत नाहीं. मात्र तिची किंमत कोणी भरली, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें : आरंभीं मळेवाल्यांनीं पाव पाव पै, आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या आपण.