यंत्राची आज्ञा कोणत्या शब्दांत?

संगणकाला शब्द कळत नाहीत. त्याला कळतात त्या केवळ अंकांच्या खुणा. तेव्हा त्याला बेरीज करण्यास सांगताना सरळ 'बेरीज' असे लिहावे की एखादे गूढ चिन्ह योजावे, हा प्रश्न यंत्राचा नव्हे, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाचा आहे. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात तो ऐरणीवर आणला ग्रेस हॉपर या विदुषींनी.

बाई गणिताच्या डॉक्टर. महायुद्धात नौदलात शिरल्या आणि तेथेच संगणकाशी त्यांची गाठ पडली. पुढे युनिव्हॅक यंत्राच्या कारखान्यात काम करताना त्यांच्या ध्यानी आले की, गणितज्ञाला चिन्हे प्रिय असली तरी व्यापारी पेढीतील हिशेबनीस त्यांना बिचकतो. त्याला त्याच्या रोजच्या भाषेत आज्ञा लिहू द्यावी, असा त्यांचा आग्रह. त्यातून 'फ्लो-मॅटिक' ही भाषा जन्मली. 'कम्पेअर', 'ट्रान्सफर', 'स्टॉप' असे तिचे इंग्रजी आज्ञाशब्द. शब्द आला की भाषांतर करणारी आज्ञावली तो ओळखून त्याजागी यंत्राच्या खुणा घालणार, एवढेच त्यातील इंगित. शब्द कोणता, याचे यंत्राला सुखदुःख नाही.

हे पटविण्यासाठी हॉपरबाईंनी एक गंमत केली. १९५५ च्या सुमारास नमुन्याची आज्ञावली वरिष्ठांपुढे मांडताना इंग्रजी शब्द काढून त्याजागी फ्रेंच घातले, मग जर्मन. यंत्राने तिन्ही सारखीच मानली. पण वरिष्ठांना आनंद होण्याऐवजी धक्काच बसला! फिलाडेल्फियात घडविलेल्या अमेरिकन यंत्राला परकी भाषा कळावी कशी? अखेर ते इंग्रजीच स्वीकारील अशी ग्वाही द्यावी लागली. ही हकीकत बाईंनी स्वतः १९७८ साली एका परिषदेत सांगितली. श्रोते हसले असतील. मला मात्र ती हसण्यावारी नेण्याजोगी वाटत नाही. वाचनसुलभता हवी खरी, पण ती कोणत्या वाचकाची, हे त्या खोलीत ठरून गेले.

मे १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये सभा भरली, आणि फ्लो-मॅटिकच्या पायावर 'कोबोल' उभी राहिली. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमधील एकच आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. या भाषेत पर्यायी शब्दांची रेलचेल होती. शून्यासाठी 'झीरो' लिहा, 'झीरोज' लिहा, त्याचे स्पेलिंगही दोन परींनी करा, अर्थ एकच. 'ग्रेटर दॅन' लिहा किंवा चिन्ह काढा. बेरजेला 'ॲड' आहे, आणि बीजगणिताच्या भोक्त्यांसाठी 'कम्प्यूट'ही आहे. पंडितांनी या शब्दबाहुल्याला नाके मुरडली. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, कारण इंग्रजीसारखे दिसले म्हणजे कोणालाही समजले असे होत नाही. हिशेबाचा तर्क चुकला तर शब्द कितीही सोपे असोत, उत्तर चुकणारच. तरीही वर्षानुवर्षे दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचून दुरुस्त करणाऱ्यांची त्या शब्दांनी मोठीच सोय केली.

इंग्रजी शून्याला तीन रूपे मिळाली. इतर भाषांना दार उघडले ते युरोपातील विद्वानांच्या 'अल्गोल ६८' ने. तिचे आज्ञाशब्द रशियन, जर्मन, फ्रेंच, बल्गेरियन अशा भाषांत उतरविण्यात आले, आणि सोव्हिएत संघाने १९८८ साली तिचे प्रमाणपत्रक काढले तेव्हा त्यात 'जर', 'तर', 'नाहीतर' या अर्थांचे रशियन शब्द रीतसर नोंदले गेले.