परमनंट मेकअप : आर्टिस्टची निवड आणि खर्च (पळस्पे–पनवेल परिसर)

परमनंट मेकअप : भुवया, ओठ, पापण्यांची कड अशा ठिकाणी सुईने त्वचेच्या आत रंग भरून मेकअपसारखी रेषा किंवा छटा उमटवण्याची पद्धत. मायक्रोपिगमेंटेशन या नावानेही ती ओळखली जाते. हा गोंदणाचाच एक प्रकार आहे. मात्र रंग त्वचेत उथळ भरला जातो आणि तो पुढे फिकट होत जाईल असाच निवडतात. परिणाम साधारणपणे एक ते तीन वर्षे टिकतो. नंतर फिकी छटा उरते आणि ती पुन्हा भरून घ्यावी लागते. बिघडलेले काम दुरुस्त करायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ आणि बहुधा जास्त पैसा लागतो. म्हणून आर्टिस्टची पारख आणि खर्चाचा हिशेब हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात.

परिसर

पळस्पे हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील गाव. जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरून गोव्याकडे जाणारा महामार्ग पळस्पे फाट्यापाशी फुटतो. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. या काळात आसपास नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि सौंदर्यसेवांची मागणीही वाढली. पळस्पे येथे राहणाऱ्या ग्राहकापुढे सहसा तीन पर्याय असतात : घरातून किंवा गाळ्यातून चालणारे जवळचे पार्लर; पनवेल, कामोठे, खारघर येथील स्टुडिओ व त्वचारोगतज्ज्ञांची क्लिनिके; आणि ठरावीक दिवशी पार्लरमध्ये येऊन काम करणारे बाहेरगावचे आर्टिस्ट. तिसऱ्या पर्यायात एक गोष्ट आधीच विचारून ठेवावी : आठवड्याभराने भुवई सुजली किंवा पू झाला, तर पाहायला कोण येणार?

पूर्वपीठिका

त्वचेत रंग भरणे या भागाला नवे नाही. रायगडमधील कातकरी, ठाकर आणि आगरी समाजांतील जुन्या पिढीच्या स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण दिसते. गावोगाव फिरणारी गोंदणारीण काजळी कालवून सुयांनी टोचत असे व वर हळद लावत असे. पुढे जत्रेत बॅटरीवर चालणारे गोंदणयंत्र आले. एकाच सुईने अनेकांना गोंदल्यास रक्तातून पसरणारे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हा धोका तेथेही होता आणि निष्काळजी पार्लरमध्ये आजही आहे.

मेकअपसाठी गोंदण्याचा व्यवसाय युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी दिसतो. लंडनमधील गोंदणकार सदरलँड मॅक्डोनाल्ड स्त्रियांच्या गालांवर कायमची गुलाबी छटा देत असे. १९८४ मध्ये अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ गिओरा अँग्रेस यांनी पापणीच्या कडेला रंग भरण्याच्या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला आणि वैद्यकीय वर्तुळात तिची चर्चा सुरू झाली.

मुख्य प्रकार

मायक्रोब्लेडिंग : बारीक सुयांची ओळ असलेल्या हाताच्या अवजाराने भुवईत केसासारख्या रेघा ओढतात. कोरड्या व सामान्य त्वचेवर रेघा नीट राहतात. तेलकट त्वचेवर त्या फुटून पसरट दिसू लागतात.

पावडर किंवा ओंब्रे ब्रो : यंत्राने ठिपके भरून पेन्सिल फिरवल्यासारखी छटा आणतात. तेलकट त्वचेला हा प्रकार अधिक मानवतो.

लिप ब्लश : ओठांना हलका रंग देणे. सावळ्या ओठांवर आधी काळपटपणा उतरवणारी छटा भरावी लागते, त्यामुळे बैठका वाढतात. पहिल्याच बैठकीत फिकट गुलाबी ओठ देण्याचे आश्वासन सावळ्या ओठांच्या बाबतीत विश्वासार्ह मानू नये.

आयलायनर : पापण्यांच्या मुळांशी रेषा भरणे. डोळ्याजवळची त्वचा अतिशय पातळ असते व रंग पसरण्याची शक्यता जास्त, म्हणून हे काम नवशिक्याकडे देऊ नये.

वैद्यकीय उपयोग : स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर स्तनाग्राभोवतीचे वर्तुळ रंगवणे, व्रण झाकणे, केस गळून उघड्या पडलेल्या भुवया भरणे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीनेच हे करावे.

रंग आणि त्वचा

त्वचेचा वरचा थर सतत झडून नवा होतो. म्हणून रंग त्याखालच्या थराच्या वरच्या भागात बसावा लागतो. तो फार वर राहिला तर खपलीबरोबर निघून जातो, फार खोल गेला तर निळसर-राखाडी दिसतो व कडा पसरतात. आत गेलेले रंगकण त्वचेतील भक्षकपेशी गिळून धरून ठेवतात. त्या पेशी मेल्या की नव्या पेशी तेच कण उचलतात, असे २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. खोल गेलेला रंग लवकर का सुटत नाही, याचा उलगडा यातून होतो.

रंगांत प्रामुख्याने आयर्न ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, कार्बन ब्लॅक आणि कृत्रिम सेंद्रिय रंगद्रव्ये असतात. काळाबरोबर यांतील काही छटा आधी विरतात; उरलेली भुवई तांबूस किंवा राखाडी वाटते. लेसरने रंग काढताना आयर्न ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड असलेला रंग उलट काळा पडू शकतो. यासाठी मूळ रंगाचे नाव माहीत असणे पुढे फार उपयोगी पडते.

रंगद्रव्यांचे धोके काल्पनिक नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे २००३–०४ च्या सुमारास एकाच उत्पादकाच्या मेकअप-गोंदण रंगांबाबत १५० हून अधिक तक्रारी आल्या होत्या. त्यांत सूज, खाज, गाठी यांचा समावेश होता. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या व परमनंट मेकअपच्या रंगांतील हजारो रसायनांवर निर्बंध लागू केले. बाटलीवर ‘रीच’ नियमांचे पालन केल्याचा उल्लेख असेल तर तो या निर्बंधांचा असतो. उत्पादकाचे नाव, घटकयादी, बॅच क्रमांक आणि मुदत यांपैकी काहीच नसलेली बाटली चेहऱ्यासाठी वापरू देऊ नये.

आर्टिस्टची निवड

भारतात परमनंट मेकअपसाठी वेगळा कायदेशीर परवाना नाही. दोन-तीन दिवसांच्या कोर्सनंतरही चकचकीत प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा पुढील गोष्टी तपासाव्यात.

(१) भरून आलेले काम. काम संपल्याबरोबर काढलेल्या फोटोत प्रत्येक भुवई रेखीव दिसते. खरी परीक्षा सहा आठवड्यांनी आणि वर्षाने होते. त्याच ग्राहकाचे तिन्ही वेळचे फोटो मागावेत, तेही आपल्यासारख्या वर्णाच्या व तेलकट किंवा कोरड्या त्वचेच्या व्यक्तीचे. शक्य असल्यास एखाद्या जुन्या ग्राहकाला प्रत्यक्ष उजेडात भेटावे. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर डाग व केलॉइड (व्रणाच्या जागी वाढणारी गाठ) होण्याची प्रवृत्ती अधिक असते. गोऱ्या मॉडेलांच्या परदेशी फोटोंवरून काहीच ठरवता येत नाही.

(२) स्वच्छता. सुई किंवा कार्ट्रिज ग्राहकासमोर सीलबंद पाकिटातून काढली पाहिजे. पाकिटावर निर्जंतुकीकरणाची खूण आणि मुदत असते. रंग एकदाच वापरायच्या छोट्या कपात काढावा आणि उरलेला फेकावा. हातमोजे मध्येच मोबाइल हाताळल्यावर बदलावेत. वापरलेली सुई आरपार न जाणाऱ्या, झाकणबंद डब्यात टाकावी. पुन्हा वापरायची धातूची साधने असतील तर ती ऑटोक्लेव्हमधूनच (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढलेली हवीत. निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवल्याने साधने निर्जंतुक होत नाहीत. आर्टिस्टने हिपॅटायटिस-बीची लस घेतली आहे का, हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

(३) विचारपूस. चांगला आर्टिस्ट आधी प्रश्न विचारतो : मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, केलॉइड होतात का, ओठांवर ताप उठतो का, केसांच्या डायची किंवा काळ्या मेहंदीची ॲलर्जी झाली होती का. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात तो काम पुढे ढकलतो. कोड किंवा सोरायसिस असलेल्या व्यक्तीला टोचलेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो. तिला तो आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतो. ओठांवर हर्पिसचा ताप येणाऱ्यांना डॉक्टर आधी औषध देतात. चालू गोळ्या आर्टिस्टच्या सांगण्यावरून बंद करू नयेत.

(४) बधिरीकरण. सहसा लिग्नोकेनयुक्त मलम लावतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये गोंदणासह सौंदर्योपचारांसाठी विकल्या जाणाऱ्या, ४ टक्क्यांहून जास्त लिग्नोकेन असलेल्या वेदनाशामक मलमांबाबत इशारा दिला. बिनलेबलचे मलम, ते जाड थरात तासभर झाकून ठेवणे किंवा डोळ्याजवळ निष्काळजीपणे लावणे धोक्याचे आहे. बधिरतेचे इंजेक्शन फक्त डॉक्टरने द्यावे.

(५) नकार देण्याची तयारी. जुने बिघडलेले काम, सुजलेली त्वचा किंवा चेहऱ्याला न शोभणारा आकार पाहून ‘हे आत्ता नको’ म्हणणारा आर्टिस्ट विश्वासाला पात्र असतो. आकार आधी पेन्सिलने काढून, बसलेल्या स्थितीत आरशात दाखवून, ग्राहकाची मान्यता घेतल्यावरच सुई लागली पाहिजे.

खर्चाची घडण

मुंबई महानगराच्या परिसरात भुवयांचे दर काही हजारांपासून २५–३० हजार रुपयांपर्यंत आणि नामांकित आर्टिस्टकडे त्याहूनही वर जातात. तफावत एवढी मोठी असण्यामागे कारणे आहेत : आर्टिस्टचा अनुभव, रंग व सुयांचा दर्जा, जागेचे भाडे, एका ग्राहकाला दिलेला वेळ (भुवयांना साधारण दोन ते तीन तास) आणि नंतरची देखरेख. सर्वांत स्वस्त दर बहुधा ‘मॉडेल’ ग्राहकाचा असतो, म्हणजे शिकाऊ हात सरावासाठी काम करतो. तसे असेल तर ते स्पष्ट सांगितलेले असावे आणि शिकवणारी व्यक्ती शेजारी असावी.

जाहिरातीतला आकडा एका बैठकीचा असतो. ग्राहकाने तीन वर्षांचा हिशेब मांडावा. उदाहरणादाखल : एका ठिकाणी पहिली बैठक ८,००० रुपये, सहा आठवड्यांनी टच-अप ३,००० आणि रंग लवकर उतरत असल्याने दरवर्षी ५,००० असे दोनदा, एकूण २१,०००. दुसऱ्या ठिकाणी टच-अपसह १५,००० आणि दीड वर्षाने एकदा ६,०००. एकूण तेवढेच २१,०००. जवळजवळ निम्मा वाटणारा दर शेवटी समान ठरतो, आणि पहिल्या ठिकाणी चेहऱ्यावर चारदा सुई चालते तर दुसऱ्या ठिकाणी तीनदा. यात रंग काढण्याचा खर्च धरलेला नाही. लेसरच्या अनेक बैठका लागतात आणि प्रत्येकीचे पैसे वेगळे असतात.

पैसे देण्यापूर्वी पुढील बाबी लिहून घ्याव्यात : टच-अप दरात धरला आहे का व तो किती दिवसांत घ्यायचा; आकार किंवा छटा बिघडल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने; अनामत परत मिळते का; संसर्ग झाल्यास कोणत्या डॉक्टरांकडे नेणार. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या सेवा व्यावसायिकाला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसेल तर तो ग्राहकाकडून जीएसटी घेऊ शकत नाही. सलून-पार्लरच्या सेवांवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावरचा कर या दोन गोष्टींशी ताडून पाहावा. भुवया भरून घेतल्या तरी वाढणारे केस काढावेच लागतात, त्यामुळे थ्रेडिंगचा खर्च सुटत नाही.

वेळ आणि काळजी

पहिले काही दिवस रंग अपेक्षेपेक्षा गडद दिसतो, मग पापुद्रे निघतात व छटा उतरते. साधारण सात ते दहा दिवसांत वरची त्वचा भरते. खरा रंग चार ते सहा आठवड्यांनी कळतो आणि टच-अप त्यानंतरच करतात. या काळात खपली ओढू नये, जागा भिजत ठेवू नये, उन्हात तापवू नये. कोकणच्या दमट हवेत घाम हा मोठा अडथळा आहे. एप्रिल-मेमधील उकाडा, पावसाळी सहली आणि फार्महाऊसचे तरणतलाव लक्षात घेऊन तारीख ठरवावी. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईसाठी पहिली बैठक गणपती झाल्यावर लगेच घ्यावी, म्हणजे टच-अपलाही वेळ मिळतो. लग्नाच्या आठवड्यात पहिल्यांदा हे काम करून घेणे टाळावे. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोंदणानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. नियमित रक्तदात्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

वाढती लाली, पू, ताप, डोळ्यात वेदना किंवा आठवड्यांनी उठलेल्या गाठी ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठे येथील एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय पळस्प्याहून जवळ आहेत.

तक्रार आणि दाद

मोबदला देऊन घेतलेली ही सेवा असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तिला लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबाग येथे आहे. ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करू शकतो, म्हणून पळस्प्याच्या रहिवाशाने काम मुंबईत करून घेतले तरी अलिबागचा मार्ग खुला राहतो. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असून ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्क नाही. दाव्याचा सारा भार पुराव्यावर असतो. तोंडी व्यवहार आणि रोख पैसे या दोन सवयींमुळे नुकसान झालेल्या ग्राहकाकडे बहुधा काहीच उरत नाही. बिल, संमतिपत्राची प्रत, रंगाच्या बाटलीचा व सुईच्या पाकिटाचा फोटो, आणि कामाआधीचे व नंतरचे स्वतः काढलेले फोटो एवढे जपून ठेवावे. ते देण्यास किंवा काढू देण्यास आर्टिस्ट कांकू करत असेल, तर तेथे काम करून घेऊ नये.