सात-बाराची तिरपी रेघ

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा महसुली लेखनाची जुनी रीत त्याच्याकडे तशीच चालत आली. गाव नमुना सात हा हक्कांचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा, हे दोन्ही मिळून ७/१२ चा उतारा होतो. जमिनीच्या वाटण्या झाल्या की सर्व्हे क्रमांक ४५ चे ४५/१, ४५/२ असे पोटहिस्से पडतात, आणि मूळ क्रमांकाशी हिश्शाचे नाते तिरप्या रेघेने सांगितले जाते.

संगणकाने नेमकी हीच रेघ स्वतःसाठी राखून ठेवली होती. १९७० च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीत फाईलचा पथ, म्हणजे एका फोल्डरातून आतल्या फोल्डरात जाणारी वाट, तिरप्या रेघेने तोडून लिहितात. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये ती रेघ आधीच आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरात असल्याने १९८३ मध्ये फोल्डर आले तेव्हा पथासाठी उलटी रेघ घ्यावी लागली, आणि पुढे विंडोजने फाईलच्या नावात दोन्ही रेघा निषिद्ध ठरवल्या. त्यामुळे उताऱ्याच्या फाईलला ‘४५/१’ हे नाव देऊ पाहिले तर विंडोज ते सहसा नाकारते, तर युनिक्सच्या धर्तीवरची लिनक्स त्याचा अर्थ ‘४५’ या फोल्डरातील ‘१’ असा लावते आणि तसा फोल्डर असल्यास फाईल निमूटपणे तिथे जाते. यांत दुसरा प्रकार अधिक घातक, कारण नकार दिसतो, चुकीचा अर्थ दिसत नाही. वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावाच्या नावातील मोकळी जागा आणि कंस फाईलच्या नावात चालतात, परंतु लिनक्सच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अवतरणचिन्हांविना लिहिलेला असा पथ मोडतो.

सर्वांत खोल अडचण मराठीच्या स्वतःच्या अक्षराची आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांना क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीत, दोन रीतींनी लिहिता येतो: र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घालून, किंवा ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच भासतात. यंत्र मात्र आकार न पाहता क्रमांक ताडून पाहते, म्हणून एकाच फोल्डरात एकाच नावाच्या वाटणाऱ्या दोन याद्या नांदू शकतात आणि समोर दिसणारी फाईल शोधात सापडत नाही. ज्या भाषेच्या बहुतेक शेतीविषयक मजकुरात हे अक्षर येते, तिच्यासाठी ही गोष्ट किरकोळ मानता येत नाही.

युनिकोडपूर्व काळात मराठी फॉन्टांतील अक्षरे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. मजकूर त्या फॉन्टात वाचता येई, पण फाईलचे नाव यंत्रणेच्या फॉन्टात दिसे, म्हणून ते रोमनमध्ये लिहिणे भाग पडे. विंडोज २००० ने देवनागरीला आधार दिल्यावरही ही सवय टिकली आणि तिची किंमत गावांच्या नावांनी मोजली: त्याच जिल्ह्यातील मंगरूळपीरच्या ‘ळ’ला रोमनमध्ये वेगळे अक्षर नाही, आणि इंग्रजी अमदानीच्या कागदांत तर खुद्द वाशिमचेच ‘बासिम’ झाले होते. नाव वाकवण्यापेक्षा फाईलला साधा संकेतांक देऊन रेघ, कंस आणि ऱ आतल्या नोंदीत जसेच्या तसे ठेवणे अधिक न्याय्य आहे. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला १४ अक्षरांकांची ओळख देणारा भू-आधार क्रमांक देशात २०२१ मध्ये आला, तो याच दिशेचा आहे.