कुर्ल्याचा खटारा आणि तोलाची सळई

शींवपासून ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रस्ता, ज्यास आतां लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, तो कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप व मुलुंड या उपनगरांना एका सूत्रांत ओंवतो. एके काळीं या रस्त्याच्या दोहों बाजूंस कारखान्यांची रांग होती. कुर्ल्याचा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना त्यांतलाच. आज तो कारखाना नाहीं. त्याच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत. परंतु तेथें जोडलेली एखादी डॉज किंवा फार्गो मालमोटार, मुंबईच्या बोलींत एखादा खटारा, कोणा हौशी मालकानें जपून ठेविला असेल, तर त्याच्यापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो. वळणावर गाडी फार झुकते. मोडींत निघालेल्या दुसऱ्या गाडीची तोल सावरणारी सळई तिला बसवावी काय? प्रश्न दिसावयास लहान आहे. पण जुनी वस्तु जपणें म्हणजे नेमकें काय करणें, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत दडलेला आहे.

प्रथम या गाड्या कुर्ल्यास कशा आल्या तें पाहिलें पाहिजे. १९२८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें मुंबईंत मोटारी जोडण्याचें काम सुरू केलें. सुटे भाग पेट्यांतून यावयाचे आणि येथें त्यांची गाडी व्हावयाची. एवढ्यावर संतुष्ट न राहतां मोटारी याच देशांत घडविल्या पाहिजेत, हा विचार सर विश्वेश्वरय्या यांनीं त्यापुढच्या दशकांत नेटानें मांडला. तो प्रत्यक्षांत आणण्याची जिद्द सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं धरिली. युद्धकाळांत सरकारचें प्रोत्साहन मिळालें नाहीं, तरी १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचें सहकार्य मिळालें, आणि १९४७ सालीं, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षीं, कुर्ल्याच्या दारांतून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. डॉज, डी सोटो, प्लिमथ व फार्गो हीं सारीं क्रायस्लरच्याच कुटुंबांतलीं नांवें. डॉज व फार्गो या मालमोटारी तर नांवानें दोन आणि घडणीनें जवळजवळ एकच होत्या.

पुढें सरकारचें धोरण कडक झालें. १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें असा आग्रह धरिला कीं, येथें भाग तयार करण्याची योजना ज्यांच्यापाशीं असेल त्यांनींच या धंद्यांत राहावें. केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनीं त्यानंतर लवकरच काढता पाय घेतला. कुर्ल्याचा कारखाना टिकला. मात्र त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत वालचंदांचें निधन झालें. आयातीवरील निर्बंधांमुळें परदेशी भाग दुर्मिळ झाले, आणि जी गाडी रस्त्यावर चालवावयाची तिला मोडींतल्या गाडीचें हाड बसवावें ही रीत पडली. मुंबईचा चोरबाजार व कुर्ल्याचा भंगार बाजार यांना मोटारींच्या दुनियेंत जें महत्त्व आलें, त्याचें एक कारण हें आहे. तेव्हां जुन्या खटाऱ्यास परका भाग बसविणें ही आजची टूम नव्हे. त्याच्या चरित्रांतलाच तो एक अध्याय आहे.

आतां सळईकडे वळूं. अमेरिकेंत तिला ‘स्वे बार’ म्हणतात. आपल्याकडील मिस्त्री तिला ‘स्टॅबिलायझर बार’ या नांवानें ओळखतात. कॅनडांतील फ्रेडरिक्टन शहरच्या स्टीफन कोलमन या संशोधकास १९१९ सालीं अशा सळईचें पेटंट मिळालें. प्रवासी मोटारींत ती पुढें रुळली. परंतु त्या काळच्या मालमोटारींना ती बहुधा नसे. खटाऱ्याचा भार कमानींच्या जाड पाट्यांवर असे, वेग बेताचा असे, आणि झुकण्याबद्दल तक्रार करण्यास पाठीवरच्या गोणींना तोंड नसे.

सळईचें कार्य सोपें आहे. स्प्रिंगच्या पोलादाची एक गोल कांब गाडीच्या रुंदीभर आडवी बसविलेली असते. तिचीं दोन्ही टोकें काटकोनांत वळवून हातांसारखीं केलेलीं असतात आणि तीं डाव्या व उजव्या चाकाच्या बाजूंशीं जोडलेलीं असतात. दोन्ही चाकें एकदम वर आलीं, तर कांब आपल्या रबरी बुशांत नुसती फिरते; तिचा कांहीं विरोध नसतो. पण वळणावर गाडी एका अंगास कलली, म्हणजे एक हात वर व दुसरा खालीं ओढला जातो आणि कांबेस पीळ बसतो. तो पीळ उलगडण्याची पोलादाची धडपड हाच गाडीचा तोल सांवरणारा जोर होय.

या जोराचें गणित मात्र डोळ्यांना फसविणारें आहे. कांबेचा जोर तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतो. २० मिलिमीटर जाडीच्या कांबेऐवजीं २४ मिलिमीटरची घेतली, तर जाडी पांचव्या हिश्शानें वाढते, पण जोर दुपटीहून किंचित् अधिक होतो. उलट, हाताची लांबी दुप्पट केली तर जोर पाव होतो. म्हणून भंगारवाल्याकडे ‘जवळपास सारखी’ दिसणारी सळई कामाला सारखी असेलच असें नाहीं.

येथेंच मोहाचा प्रसंग येतो. कुर्ल्याच्याच कारखान्यांतून पुढें प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली. अशा शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ सालच्या ऑक्टोबरांत झाली होती. वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरांत ती रस्त्यावरून निवृत्त झाली. या गाडीलाहि तोलाची सळई होती. एका कारखान्याच्या लेकीची सळई त्याच कारखान्याच्या थोरल्या मुलास बसवावी, ही कल्पना कोणासहि गोड वाटेल. परंतु पद्मिनीचें वजन अवघें ९०० किलोंच्या आसपास. तिच्यासाठीं घडविलेली बारीक सळई भरलेल्या खटाऱ्याला बसविली, तर ती शोभेपुरती उरेल. नातें कारखान्याचें असून भागत नाहीं. वजन, रुंदी व सांगाड्याची घडण जुळली पाहिजे.

जुळणारी सळई मिळाली, तरी ती तपासल्यावांचून घेऊं नये. गंजानें पडलेल्या खळग्यांतून तडा सुरू होतो. म्हणून वांकणाच्या जागा घासून, रंगद्रव्याची परीक्षा करून पाहाव्या. सळई लांब पडते म्हणून तापवून वांकविणें किंवा आंखूड पडते म्हणून सांधा मारणें हा तर शुद्ध आत्मघात होय; उष्णतेनें पोलादाचें पाणी उतरतें आणि उरते ती साधी लोखंडी कांब. बसवितांना सांगाड्याच्या मागें जाड पट्टी देऊन बोल्ट आंवळावेत. चाकें दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि गाडी वरखालीं करून सळई सुकाणूच्या दांड्यास किंवा ब्रेकच्या नळीस कोठें शिवत नाहीं ना, हें पाहावें. सांध्यांची शेवटची आंवळणी गाडीचा भार चाकांवर असतांनाच करावी. अधांतरीं आंवळलेलें रबर भार पडतांच पिळलेल्या स्थितींत राहतें व लवकर फाटतें.

सळई कोठें बसवावी यालाहि महत्त्व आहे. रिकाम्या खटाऱ्याची मागची बाजू हलकी असते. केवळ मागें जोरकस सळई घातली, तर उपनगरांतील पावसाळी रस्त्यावर मागचीं चाकें आधीं घसरतात आणि गाडी फिरते. म्हणून आरंभ पुढच्या बाजूनें करणें शहाणपणाचें. तीहि फार जाड असूं नये. कारण सळईनें दोन चाकें एकमेकांशीं बांधलीं जातात, आणि डाव्या चाकाच्या खड्ड्याचा हिसका उजव्यासहि बसतो. शिवाय सळईनें झुकणें कमी होतें, उलटण्याचें भय संपत नाहीं. गाडी झुकेनाशी झाली म्हणून चालकानें वेग वाढविला, तर ब्रेक मात्र जुनेच आहेत, हें विसरून चालणार नाहीं.

शेवटीं प्रश्न उरतो तो खरेपणाचा. मोटार वाहन कायद्याचें १९८८ सालचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असे फेरफार करण्यास मनाई करतें. तेव्हां परिवहन कार्यालयांत आधीं विचारणें हें मालकाचें पहिलें कर्तव्य. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठीं नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. सांगाडा, बाह्य शरीर किंवा यंत्र यांत मोठा फेरफार झालेल्या गाडीस त्यांत मान नाहीं. मालमोटारीला ते नियम लागू पडोत वा न पडोत, त्यांतली कसोटी विचारांत घेण्याजोगी आहे. सांगाडा कापून किंवा डाग देऊन बसविलेली सळई गाडीचा इतिहास पुसते. शक्यतों सांगाड्यांतील मूळच्याच छिद्रांत बोल्टनें बसविलेली, उद्यां काढतां येणारी आणि गाडीच्या वहींत कोणत्या गाडीवरून, कोणत्या दिवशीं आणली तें लिहून ठेवलेली सळई त्या इतिहासांत भर घालते.

कुर्ल्याचा कारखाना गेला. त्याच्या खटाऱ्यांना नवे सुटे भाग आतां तेथून येणार नाहींत. त्यांचें आयुष्य यापुढें इतर मेलेल्या गाड्यांच्या अवयवांवरच चालावयाचें आहे. तो अवयव कोणाचा, हें ज्या वहींत लिहिलेलें असेल, ती वही गाडीइतकीच जपावी.