विद्यापीठातील छात्रसेना : एक दल, अनेक पथके

दहावीचा निकाल लागला की आमचे विद्यार्थी कॉलेजचा फॉर्म घेऊन सल्ल्यासाठी शाळेत येतात. सोबत वडील असतात, कधी आई असते. विषय कोणते घ्यावेत याची चर्चा झाली की हमखास एक प्रश्न निघतो, "सर, एन.सी.सी. घेऊ द्यावी का?" एका पालकांनी तर मला स्पष्टच विचारले, "पोराला बंदुकीचा नाद कशाला? अभ्यास बुडायचा तो बुडेलच, आणि उद्या लढाई लागली तर उचलून नेतील." शेजारी त्यांची मुलगीही उभी होती. तिच्या मनात काय होते ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते, पण तिच्याविषयी कोणी विचारलेच नाही.

पालकांची ही भीती प्रामाणिक आहे. तिला उत्तर द्यायचे तर या दलाचा इतिहास थोडा उलगडून पाहिला पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या देशात विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्याची सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. सैन्यात माणसांची चणचण भासू लागली, तेव्हा १९१७ साली इंग्रज सरकारने विद्यापीठांतून 'युनिव्हर्सिटी कोअर' उभारली. पुढे १९२० च्या प्रादेशिक सेनेच्या कायद्यान्वये तिचे 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर' म्हणजेच यू.टी.सी. असे नवे रूप झाले. खाकी गणवेश, लाकडी दस्त्याच्या रायफली आणि कॉलेजच्या मैदानावरील कवायत हे दृश्य तेव्हापासून आपल्या विद्यापीठांच्या परिचयाचे झाले.

या सुरुवातीच्या काळातील एक विद्यार्थी साऱ्या देशाला ठाऊक आहे. सुभाषचंद्र बोस यांना ४९ व्या बंगाली पलटणीत भरती व्हायचे होते, पण दृष्टी अधू म्हणून त्यांना नाकारण्यात आले. पुढे कलकत्त्याच्या स्कॉटिश चर्च कॉलेजात शिकत असताना विद्यापीठाच्या तुकडीत त्यांना प्रवेश मिळाला. तंबूतले राहणे, पहाटेची कवायत आणि नेमबाजी यांत ते रमले. फौजेच्या दारातून परत पाठवलेल्या तरुणाला विद्यापीठाच्या तुकडीने सामावून घेतले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या सरकारने ती तुकडी उभारली, त्याच सरकारविरुद्ध पुढे त्यांनी आझाद हिंद सेनेचे नेतृत्व केले, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, यू.टी.सी.चे नाव बदलून 'युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर' असे झाले. विद्यापीठांतून भराभर अधिकारी मिळावेत हा हेतू होता. परंतु तो फारसा सफल झाला नाही. वास्तविक पाहता यात नवल काहीच नाही. दल सरकारच्या गरजेपोटी निघाले होते. विद्यार्थ्याला त्यातून काय मिळावे याचा विचार मागे पडला होता.

हा विचार प्रथम झाला तो स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि १९४७ च्या मार्चमध्ये तिने आपला अहवाल सादर केला. त्यावरून १९४८ चा ३१ वा कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात 'राष्ट्रीय छात्रसेना' अर्थात एन.सी.सी. अस्तित्वात आली. तिचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे होते. हेच बेवूर पुढे १९७३ साली भारताचे सरसेनापती झाले.

पालकांनी या कायद्यातील दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली अशी की, केवळ छात्रसेनेत नाव घातले म्हणून कोणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती येत नाही. हे आश्वासन कोणा साहेबाच्या तोंडचे नाही, ते कायद्याच्या कलमात आहे. तेव्हा "उचलून नेतील" ही भीती निराधार होय. दुसरी गोष्ट अशी की, कायद्याने सुरुवातीलाच तीन विभाग मानले होते : कॉलेजसाठी वरिष्ठ विभाग, शाळांसाठी कनिष्ठ विभाग आणि तिसरा मुलींचा विभाग. मुलींच्या प्रत्यक्ष तुकड्या १९४९ साली उभ्या राहिल्या. म्हणजे मुलींचा प्रश्न नंतर कोणी उपकार म्हणून जोडलेला नाही, तो पहिल्या आराखड्यातच होता.

यानंतर एकेक शाखा फुटत गेली. १ एप्रिल १९५० रोजी हवाई विभाग सुरू झाला. त्याची पहिली दोन स्क्वाड्रन मुंबई आणि कलकत्ता येथे होती. १९५२ साली नौदल विभाग आला. भूदल, नौदल आणि हवाई दल अशी सैन्याची तिन्ही अंगे आता कॉलेजच्या आवारात आली. हवाई विभागातला मुलगा विमानाच्या प्रतिकृती बनवू लागला आणि संधी मिळाली तर ग्लायडरमध्ये बसू लागला. नौदल विभागातला मुलगा शीड हाताळायला, निशाणांनी निरोप द्यायला आणि जहाजाची प्रतिकृती घडवायला शिकू लागला.

भूदल विभागाच्या पोटातही खास पथके निघाली. अभियांत्रिकी कॉलेजांत इंजिनियर आणि सिग्नल पथके, वैद्यकीय कॉलेजांत वैद्यकीय पथके, पशुवैद्यकीय कॉलेजांत घोड्यांची निगा व घोडेस्वारी शिकवणारी रिमाउंट अँड व्हेटरिनरी पथके, तर काही ठिकाणी तोफखान्याची आणि चिलखती दलाची पथके. या योजनेतले शहाणपण पाहा. विद्यार्थी ज्या विद्येचा अभ्यास करतो, तिलाच पूरक असे काम त्याला छात्रसेनेत मिळावे. भावी डॉक्टराने जखमीला उचलायला शिकावे, भावी अभियंत्याने पूल बांधायला आणि संदेश पोचवायला शिकावे. मग अभ्यास एकीकडे आणि परेड दुसरीकडे अशी ओढाताण राहत नाही.

याशिवाय प्रत्येक तुकडीच्या आत विद्यार्थ्यांची स्वतःची एक व्यवस्था असते. तीत लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट आणि अंडर ऑफिसर अशा पायऱ्या आहेत. सीनियर अंडर ऑफिसर हा विद्यार्थीच असतो आणि आपल्याच सोबत्यांना हुकूम देतो. क्वार्टर मास्टर सार्जंट असलेला मुलगा साहित्याचा हिशेब ठेवतो. कोणी बँडमध्ये ड्रम वाजवतो, कोणी नेमबाजीच्या संघात जातो, कोणी प्रजासत्ताक दिनाच्या दिल्लीतील शिबिरासाठी तयारी करतो. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा परेडच्या मैदानावर तीस मुलांची रांग सरळ करतो, तेव्हा त्याच्या शिक्षकालाही त्याची नवी ओळख पटते. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

परंतु या इतिहासात एक मोठी चूकही घडली आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

१९६२ साली चीनने आक्रमण केले. देश हादरला. प्रत्येक तरुण संरक्षणासाठी तयार असला पाहिजे या भावनेतून १९६३ साली कॉलेजातील मुलांना एन.सी.सी. सक्तीची करण्यात आली. हेतू शुद्ध होता. परंतु पाहता पाहता संख्या इतकी फुगली की गणवेश, हत्यारे, प्रशिक्षक आणि वेळ यांचा मेळ बसेना. ज्याला आवड होती त्याला पुरेसे शिक्षण मिळेना, आणि ज्याला आवड नव्हती तो हजेरीपुरता येऊन उभा राहू लागला. विद्यार्थ्यांत नाराजी पसरली. अखेर १९६८ साली सक्ती उठवण्यात आली आणि छात्रसेना पुन्हा ऐच्छिक झाली.

ज्यांना कवायतीची आवड नाही त्यांनी काय करावे, या विचारातून विद्यार्थ्यांसाठी समाजसेवेचा मार्ग खुला झाला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, 'राष्ट्रीय सेवा योजना' ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. आज आपण कॉलेजात एन.एस.एस. म्हणून जी संघटना पाहतो ती हीच.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत छात्रसैनिकांनी आघाडीच्या मागे राहून नागरी संरक्षणाची आणि दारूगोळा कारखान्यांतील मदतीची कामे केली. त्यानंतर अभ्यासक्रम बदलण्यात आला. निव्वळ लष्करी शिक्षणाचा भार कमी करून नेतृत्व, चारित्र्य आणि समाजसेवा यांना अधिक महत्त्व देण्यात आले. 'एकता आणि अनुशासन' हे ब्रीद १९८० साली स्वीकारण्यात आले. रक्तदान, वृक्षारोपण, आपत्तीतील मदत ही कामे छात्रसैनिकांच्या नित्याची झाली. २०२० च्या कोरोना साथीतही वरिष्ठ विभागातील छात्रसैनिक स्वेच्छेने मदतकार्यास उतरले होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सीमेवरील व समुद्रकाठच्या १७३ जिल्ह्यांत एक लाख नवे छात्रसैनिक घेण्याची योजना जाहीर झाली. त्यांत एक तृतीयांश मुली असाव्यात असे ठरले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. अभ्यास बुडतो का? परेड आठवड्यातून ठरावीक तासच असते आणि शिबिर काही दिवसांचे असते. वेळ वाया घालवणाऱ्या मुलाचा अभ्यास एन.सी.सी. नसतानाही बुडतो. उलट पहाटे उठण्याची आणि दिलेल्या वेळी हजर राहण्याची सवय अभ्यासालाच उपयोगी पडते. पदवीबरोबर 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवले, तर सैन्यातील अधिकारीपदासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळाच्या मुलाखतीस जाण्याची विशेष योजना आहे. ती मुलांप्रमाणे मुलींनाही खुली आहे. अर्थात मुलाखतीत आणि वैद्यकीय तपासणीत स्वतःच्या गुणावरच उतरावे लागते.

मुलींच्या बाबतीत पालकांनी चौकशी जरूर करावी. शिबिर कोठे आहे, राहण्याची सोय कशी आहे, बरोबर कोणत्या महिला अधिकारी आहेत, हे विचारण्यात गैर काहीच नाही. छात्रसेनेच्या शिक्षक-अधिकाऱ्यांना आपल्या नागपूरजवळच्या कामठी येथे आणि महिला अधिकाऱ्यांना ग्वाल्हेर येथे रीतसर शिक्षण दिले जाते. चौकशी करून समाधान झाले, तर मात्र "मुलगी आहे म्हणून नको" एवढ्या एकाच कारणासाठी तिला मागे ठेवू नये. कायद्याने १९४८ साली तिच्यासाठी उघडलेले दार आपण घरातून बंद करणे योग्य होणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही या इतिहासात एक धडा आहे. दल सक्तीचे होते तेव्हा त्याची संख्या वाढली, पण तेज कमी झाले. ते ऐच्छिक झाले तेव्हा ज्यांनी मनापासून नाव घातले त्यांनीच त्याला मोठे केले. म्हणून मित्र जातो म्हणून जाऊ नका, आणि मित्र हसेल म्हणून मागेही राहू नका. आपल्या कॉलेजात कोणते पथक आहे, ते आपल्या विषयाला आणि प्रकृतीला मानवेल का, हे पाहा. कवायत मानवत नसेल तर सेवा योजनेत जा. पण कॉलेजची वर्षे केवळ वर्ग आणि घर यांच्या दरम्यान घालवू नका.

त्या दिवशीच्या पालकांना मी यातले जमेल तेवढे सांगितले. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग फॉर्म पुढे करून म्हणाले, "सर, मग दोघांचाही भरा." भाऊ काही बोलला नाही, पण बहिणीने लगेच पेन काढून माझ्या हातात दिले.