सागरी सशाचें विष

रोमन पंडित प्लिनी यानें आपल्या सृष्टिवर्णनाच्या ग्रंथांत एका विचित्र सागरी प्राण्याची नोंद करून ठेविली आहे. हिंदी महासागरांतील हा प्राणी इतका विषारी कीं, त्याच्या नुसत्या स्पर्शानेंहि माणसास वांत्या होतात, असें तो सांगतो. प्लिनी इसवी सन ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या उद्रेकांत मरण पावला. त्याच्या ग्रंथांत ऐकीव गोष्टींचा भरणा पुष्कळ आहे; तेव्हां ही हकीकतहि शहाण्यांनीं हंसून बाजूस सारली असती तर नवल नव्हतें. परंतु या अतिशयोक्तीच्या पोटांत सत्याचा एक दाणा होता, आणि तो रुजावयास एकोणीस शतकें लागलीं.

हा प्राणी म्हणजे गोगलगाईच्या कुळांतील एक मऊ, ओबडधोबड जीव होय. त्याच्या डोक्यावर सशाच्या कानांसारखीं दोन शिंगें उभीं असतात, म्हणून त्यास सागरी ससा म्हणतात. उथळ पाण्यांत शेवाळ चरत तो सावकाश फिरत असतो. त्यास पळतां येत नाहीं. अंगावर शंखाचें भक्कम घरहि नाहीं. असें असून शिकारी मासे सहसा त्याच्या वाटेस जात नाहींत. अशा दुबळ्या प्राण्याजवळ कांहीं तरी रासायनिक शस्त्र असलें पाहिजे, हें उघड आहे.

तें शस्त्र हुडकण्याचें काम अमेरिकेंतील ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांनीं अंगावर घेतलें. १९७२ सालीं त्यांनीं मॉरिशसच्या किनाऱ्यावरील 'डोलाबेला' जातीचे सागरी ससे मिळविले. त्यांच्या अर्कानें रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांचें आयुष्य वाढतें, असें दिसून आलें; पण अर्कांतील नेमकें कोणतें द्रव्य हा गुण देतें, तें कांहीं केल्या हातीं लागेना. कारण शंभर किलो ओल्या प्राण्यांमागें तें अवघें एक मिलीग्रॅमच्या आसपास निघे. तिळाचा एक दाणासुद्धां याहून वजनानें भारी भरतो! पंधरा वर्षांच्या चिकाटीनंतर १९८७ सालीं या द्रव्याची रचना प्रसिद्ध झाली. त्यास 'डोलास्टॅटिन १०' हें नांव मिळालें, आणि दोनच वर्षांत तें प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनेंहि तयार झालें.

पेशी दुभंगण्याच्या वेळीं तिच्या अंतरंगांत अतिसूक्ष्म नळ्यांची एक परांची उभारली जाते. तिच्या आधारानें गुणसूत्रांची दोहोंकडे वाटणी होते. डोलास्टॅटिन ही परांची बांधूंच देत नाहीं. मग पेशीची वाढ खुंटते व ती मरते. कर्करोग म्हणजे पेशींची बेबंद वाढ. तेव्हां या द्रव्याकडून मोठी आशा वाटणें स्वाभाविक होतें. परंतु अशाच नळ्या मज्जातंतूंतहि असतात, आणि विषाला आपपरभाव ठाऊक नसतो. १९९० नंतरच्या दशकांत रोग्यांवर ज्या परीक्षा झाल्या, त्यांत म्हणण्यासारखा गुण आला नाहीं; उलट कित्येकांच्या हातापायांस बधिरता आली. इतक्या सायासानें मिळविलेलें औषध रोग्याच्या उशापर्यंत पोंचून परत फिरलें.

तरीहि तें टाकून दिलें गेलें नाहीं, याचें श्रेय शास्त्रज्ञांच्या हट्टास दिलें पाहिजे. डोलास्टॅटिनच्या धर्तीवर एक कृत्रिम द्रव्य बनविण्यांत आलें. तें एकटें देण्याजोगें नव्हतेंच, इतकें तें जहाल होतें. मग तें एका प्रतिपिंडाच्या पाठीस बांधलें. १८३२ सालीं लंडनच्या टॉमस हॉजकिन या डॉक्टरानें लसिकाग्रंथींच्या ज्या रोगाचें वर्णन केलें, त्यांतील रोगट पेशींवर एक विशिष्ट खूण असते. प्रतिपिंड ती खूण ओळखून पेशीस चिकटतो, पेशी त्यास आंत घेते, आणि आंत गेल्यावर गांठ सुटून विष मोकळें होतें. सिॲटल येथें तयार झालेल्या या औषधास ऑगस्ट २०११ मध्यें अमेरिकेंत मान्यता मिळाली. इतर उपाय हरलेल्या रोग्यांसाठीं तें प्रथम आलें. २०१८ पासून हॉजकिनच्या वाढलेल्या रोगांत आरंभींच्या उपचारांतहि त्याची योजना होऊं लागली. हातापायांची बधिरता मात्र याहि औषधानें येऊं शकते.

दरम्यान, विषाचा धनी कोण, हा प्रश्न वेगळ्याच रीतीनें सुटला होता. सशाच्या अंगांत तें इतकें थोडें कां, याचें उत्तर २००१ सालीं पॅसिफिक महासागरांतील पलाऊ बेटांजवळ मिळालें. तेथील 'सिम्प्लोका' नांवाच्या नीलहरित शेवाळांत (रूढीनें शेवाळ म्हणावयाचें, वस्तुतः तें जंतूंच्या कुळांतलें) हेंच डोलास्टॅटिन सशाहून कितीतरी अधिक प्रमाणांत सांपडलें. ससा बिचारा चरतां चरतां दुसऱ्याचें विष अंगीं साठवीत होता!

हवाई बेटांतहि असाच प्रकार घडला. तेथील एका सागरी गोगलगाईंत १९९३ सालीं 'कहालालाइड एफ्' हें कर्करोगनाशक द्रव्य सांपडलें. त्याच्याहि परीक्षा रोग्यांवर झाल्या. पण त्याचें औषध झालें नाहीं. तें गोगलगाईला 'ब्रायोप्सिस' या हिरव्या शेवाळापासून मिळतें, हें लौकरच कळलें. परंतु २०१९ सालीं आढळलें कीं, शेवाळहि तें बनवीत नाहीं. बनवितो तो शेवाळाच्या पेशींत राहणारा एक जंतु, आणि यजमानाचा आश्रय सोडून तो जगूंहि शकत नाहीं.