१०० एमबीपीएसचा प्लॅन, मग मोबाईलवर ३०च का?

जाहिरातीतला आकडा 'अप टू' असतो, म्हणजे जास्तीत जास्त; आणि तोही राउटरपर्यंतचा. पुढे डेटा हवेतून येतो, आणि कुणकेश्वरच्या जुन्या घरात मध्ये उभी असते चिऱ्याची भिंत. जांभा जाड आणि सच्छिद्र. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पाणी रेडिओलहरी शोषतं. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान बँड इथेच मान टाकतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे पोहोचतो, पण मुळातच हळू. शिवाय एका राउटरवरची सगळी उपकरणं आळीपाळीनेच बोलतात.

काही वेळा तर फसवणूक नसतेच: १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. डाउनलोडला १२ दिसले तर ठीक आहे.

तक्रारीआधी लॅपटॉपला लॅन केबल लावून वेग मोजा. केबलवर पूर्ण मिळाला, तर राउटर पडवीतून माजघरात, उंचावर हलवा. केबलवरही कमी असेल, तर दिवसा आणि रात्री नऊच्या गर्दीत मोजून स्क्रीनशॉट कंपनीला पाठवा. मात्र सरकारी व्याख्येचा आधार तोकडाच: जानेवारी २०२३ पासून 'ब्रॉडबँड' म्हणवायला किमान २ एमबीपीएस पुरतात. त्याआधी तर ५१२ केबीपीएस चालत होते!